१ लाख ३१ हजार मैल पळालेली पोर्शे ९११ घ्यावी का? (९९६, मॅन्युअल गिअर)

लेथवाली | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची, गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत. बाबांचं इंजिन रिपेअरचं वर्कशॉप होतं, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, शेतीपंपाची इंजिनं वगैरे. शाळेतून आलं की मी लेथच्या बाजूला बसून गृहपाठ करायचे, त्यामुळे ऑइलच्या वासाची सवय आहे. नवऱ्याला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही, त्याच्या मते गाडीला चार चाकं आणि एसी असला की झालं.

तर मी एक २००२ ची ९११ बघून आलेय. साधी करेरा कूपे, ३.६ लिटर, सहा गिअर मॅन्युअल, रंग काळपट निळा. मीटरवर १,३१,००० मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने २ लाख १० हजार किलोमीटर. मालक तिसरा आहे, २४,५०० डॉलर मागतोय. बाहेरून ठीक आहे, सीटच्या कडेचं चामडं फाटलंय, पुढच्या बंपरला दगडांचे टवके आहेत. गाडी बघायला गेले तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. फाइल मात्र जाडजूड आहे, पहिल्या मालकापासूनची बिलं लावलेली.

कमी मैलांच्या गाड्या माझ्या बजेटमध्ये बसत नाहीत. एवढी पळालेली गाडी घेणं शुद्ध वेडेपणा आहे का? आणि आयएमएस बेअरिंग, आयएमएस बेअरिंग असं जिथे तिथे वाचून झोप उडालीय, ते खरंच इतकं भयानक आहे का?

गप्पीमासा | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५२

लेक्सस घ्या, शांत झोपा.

हिशेबी | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, मीही न्यू जर्सीत आहे म्हणून कळकळीने सांगतो. गाडीला वीस-बावीस हजार म्हणजे नुसती प्रवेश फी आहे, जेवणाचं बिल वेगळं. ही गाडी नवी होती तेव्हा सत्तर हजारांच्या आसपास होती, आणि पार्ट्सचे भाव आजही त्या सत्तर हजाराच्या गाडीचेच आहेत, तुम्ही स्वस्तात घेतली म्हणून वॉटर पंप स्वस्त होत नाही. त्यात दोन दरवाजे, मागच्या सीटवर माणूस बसत नाही, बर्फात चालत नाही. मुलांच्या कॉलेजचा फंड झाला का?

ऑइलखाऊ | ११ ऑक्टोबर, रात्री ११:३०

हिशेबी, सगळे खर्च कॉलेज फंडातून मोजायला लागलं तर माणसाने श्रीखंडही खाऊ नये.

लेथवाली, मी टेक्सासमध्ये आहे, माझ्याकडे आठ वर्षं ९९६ होती, ती १ लाख ६७ हजार मैलांवर विकली. जरा सविस्तर लिहितो, पाणी घेऊन बसा.

९९६ म्हणजे पाण्याने गार होणारी पहिली ९११. आधीच्या सगळ्या हवेवर गार व्हायच्या, म्हणून जुन्या भक्तांनी हिला कधी आपलं म्हटलं नाही. त्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी पार डबघाईला आलेली, जपानी सल्लागार बोलावून टोयोटाच्या पद्धतीने कारखाना चालवायला शिकले, आणि पैसे वाचवायला बॉक्स्टर (पोर्शेचीच स्वस्तातली गाडी) आणि ९११ चं पुढचं तोंड, दरवाजे सगळं एकच ठेवलं. ते दिवे तर तुम्ही पाहिलेतच, आपल्या इराण्याकडच्या हाफ-फ्रायसारखे, पिवळं एका बाजूला ओघळलेलं. २००२ ला दिवे बदलले, तुमच्या गाडीला ते नंतरचे असणार. पण या सगळ्या तुच्छतेमुळेच ही ९११ आपल्यासारख्यांना परवडते हेही खरं.

आता बेअरिंग. क्रँककडून कॅमशाफ्टला जाणारी फिरकी एका मधल्या शाफ्टवरून जाते, इंटरमीडिएट शाफ्ट, तोच आयएमएस. त्याच्या क्लचकडच्या टोकाला एक बॉल बेअरिंग आहे, दोन्हीकडून सील केलेलं, आत ग्रीस भरलेलं. वर्षं गेली की सील कडक होतं, इंजिन ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि तेच जुनं ऑइल आत साचून राहतं. बेअरिंग सुटलं की टायमिंग गेलं, टायमिंग गेलं की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात, आणि मग इंजिनाचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही वर्कशॉपमध्येच वाढलात. सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं ते बरंच टिकलं, नंतर साधारण २००० पासून २००५ पर्यंत एका रांगेचं आलं तेच बदनाम. अमेरिकेत त्यावर खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली, त्यात एका रांगेच्या बेअरिंगचा आकडा सुमारे ८ टक्के असा आला होता. म्हणजे शंभरातल्या नव्वदेक गाड्यांना काही झालं नाही, पण ज्या आठांना झालं त्यांचं इंजिनच गेलं.

आणि उलटी गोष्ट ऐका. रोज चालणाऱ्या, गरम होणाऱ्या, वेळेवर ऑइल बदललेल्या गाड्यांत हे कमी दिसतं. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, वर्षाला हजार मैल फिरणारी गाडी मला जास्त संशयास्पद वाटते. १ लाख ३१ हजार पळालेली गाडी म्हणजे ती निदान पळत तरी होती. तुमच्या फाइलमध्ये क्लचचं बिल शोधा. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे शहाणा माणूस क्लचबरोबरच ते काम करून घेतो.

लेथवाली | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

बापरे, केवढं लिहिलंत, मनापासून आभार. रात्री परत फाइलचे फोटो बघितले. ७४,००० मैलांवर क्लच, मागचं क्रँक ऑइल सील आणि बेअरिंग, तिन्हीचं एकच बिल आहे. बेअरिंग सिरॅमिकवालं घातलंय असं लिहिलंय.

आत्ता बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांनी बेअरिंगचा नंबर विचारला. मी म्हटलं ६२०४ च्या मापाचं आहे म्हणतात. ते चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "बासष्ट चार? अगं हे आपल्या पाण्याच्या मोटरीत असतंय की. शे-दीडशे रुपयाला पेठेत मिळतंय. त्याच्यावर एवढं मोठं इंजिन उभं केलंय व्हय?"

मग गरम इंजिनाचं सांगितलं तर एकदम चिडले. "गार इंजिन चालू करून दाव म्हणावं. तापल्यावर सगळीच इंजिनं गोड बोलतात."

पर्वतीपायथा | १२ ऑक्टोबर, दुपारी १:२०

बाबा रॉक्स!!

ऑइलखाऊ | १२ ऑक्टोबर, दुपारी २:१०

बाबांना साष्टांग नमस्कार. अगदी बरोबर बोलले. मालकाला सांगा मी सकाळी येतेय, तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, आणि पोचल्या पोचल्या बॉनेट... सॉरी, मागच्या इंजिनावर आणि सायलेन्सरवर हात ठेवून बघा गार आहे का.

बेअरिंग ७४ हजाराला बदललंय ही चांगली बातमी, पण त्यावर निर्धास्त होऊ नका. सिरॅमिक बेअरिंगलाही मुदत असते, आणि त्यानंतर ५७ हजार मैल झालेत. पुढचा क्लच आला की तेही परत बदलायचं असं धरून किमतीत घासाघीस करा.

आणि खरं सांगू? ३.६ इंजिनात बेअरिंगपेक्षा मला बोअर स्कोअरिंगची जास्त भीती वाटते, त्याबद्दल लोक कमी बोलतात. यात सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येच सिलिकॉन मिसळलेला थर आहे, लोकासिल. पिस्टनवरचं कोटिंग झिजलं की पिस्टन त्या भिंतीला ओरखडत जातो. जास्त करून उजवीकडची बँक, म्हणजे त्या बाजूची तीन सिलिंडरची रांग, त्यातही सहा नंबर. खुणा अशा की गार असताना एका बाजूने टिकटिक, ऑइल खायला लागते, आणि दोन सायलेन्सर पाइपांपैकी एकालाच काजळी जास्त. थंड प्रदेशात, गार इंजिनावर लगेच पाय दाबणाऱ्यांच्या गाड्यांत हे जास्त. न्यू जर्सी थंड आहे, म्हणून सांगतोय. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून वरचा भागच दिसतो, ओरखडे खालून सुरू होतात, तेव्हा ऑइल सम्प उतरवून खालून बघणारा मेकॅनिक गाठा.

जुनंपान | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५

मुलांनो, मी ठाण्यात असतो, वय वर्षे ७१. आमच्या फियाटचं बोअर झालं की आम्ही ओव्हरसाइज पिस्टन घालून पुन्हा पाच वर्षं चालवायचो. लेथवालीच्या वडिलांसारख्याच एका मिस्त्रींकडे जायचं, ते दोन दिवसांनी गाडी द्यायचे, दोन हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही अशी ताकीद. या गाडीत तसं नाही का करता येत?

ऑइलखाऊ | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

येतं काका, पण पूर्ण इंजिन खोलून नवीन स्लीव्ह घालाव्या लागतात. बिल गाडीच्या किमतीएवढं येतं, कधी जास्तच. म्हणून तर आधी बघायचं.

नेकारतीरी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५०

स्टुटगार्टहून नमस्कार. माझ्याकडे २००७ ची पोर्शे केमन आहे, २.७, १ लाख ९० हजार किलोमीटर. आमच्या इथे दोन लाख किलोमीटर ऐकून कुणी दचकत नाही, ऑटोबानवरचे किलोमीटर म्हणजे इंजिनाला जवळजवळ सुट्टीच असते. इथे लोक विचारतात ते शेकहेफ्ट, म्हणजे सर्व्हिसचे शिक्के मारलेलं पुस्तक. ते नसेल तर कमी पळालेल्या गाडीलाही भाव देत नाहीत. शिवाय दर दोन वर्षांनी ट्यूफची तपासणी असते, ब्रेक पाइप गंजून खराब झाला असेल तर स्टिकर मिळत नाही, त्यामुळे जुनी गाडीही सुस्थितीत ठेवावीच लागते. अमेरिकेत असं काही नाही म्हणतात, तेव्हा खालून नीट बघा, तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात ना?

गंमत म्हणजे मी पोर्शेच्या कारखान्यापासून बसने वीस मिनिटांवर राहतो आणि माझी गाडी बनली फिनलंडमध्ये. तेव्हा बॉक्स्टर आणि केमन उसिकाउपुंकी नावाच्या गावात बनायच्या. आई विचारते, जर्मनीत राहून फिनलंडची गाडी घेतलीस? काय उत्तर देणार.

पर्वतीपायथा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

धाग्यात थोडा गोंधळ घालतो, माफी असावी. अशी गाडी घेऊन पुण्याला नाही का आणता येणार? आणि त्यापेक्षा बीएमडब्ल्यू एम३, ई४६ वाली, ती का नाही? दिसायला कसली आहे राव ती.

ऑइलखाऊ | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

पुण्याला विसर. तीन वर्षांहून जुनी सेकंडहँड गाडी आयात करता येत नाही आणि स्टिअरिंगही उजवीकडे लागतं. आली असती तरी आपल्या स्पीडब्रेकरवर पुढचा बंपर आणि ई२० पेट्रोलमध्ये वीस वर्षांचे रबरी पाइप, दोन्हींना वाहून टाक.

एम३ सुंदरच आहे, ते सहा सिलिंडरचं सरळ इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत ओरडतं तेव्हा अंगावर काटा येतो. पण तिचेही आपले भोग आहेत. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं, व्हॅनॉस (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा), आणि मागचा सबफ्रेम जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा तडकतो. गालिचा उचलून, सबफ्रेम उतरवून वेल्डिंग. जर्मन स्पोर्ट्स कूपे म्हटलं की प्रत्येकीची एक कुंडली असते, आपण कुठली साडेसाती झेलू शकतो ते बघून लग्न करायचं.

हिशेबी | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

किंवा लग्नच करू नये.

लेथवाली | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

अपडेट देतेय.

शनिवारी सकाळी सात वाजता गेले, बाहेर ४ डिग्री. हात ठेवून बघितला, इंजिन गार होतं. फोन सायलेन्सरजवळ धरला आणि मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. चालू केली तर पहिले दोन सेकंद खडखड, मग शांत. बाबा म्हणाले टॅपेटला ऑइल पोचायला लागला तेवढा वेळ. मग मला प्रत्येक बाजूला एक-एक मिनिट फोन धरायला लावला, मालक बिचारा कॉफीचा कप घेऊन बघत उभा, ही बाई गाडी कुणाला दाखवतेय म्हणून. बाबा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी "उजवीकडं काय नाही. घे" एवढंच म्हणाले.

पण मी बाबांच्या कानावर नाही सोडलं, पोर्शेचंच काम करणाऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिककडे ३७५ डॉलर देऊन पूर्ण तपासणी करून घेतली. सम्प उतरवून कॅमेऱ्याने सगळी बोअर बघितली, सहा नंबरला उभ्या बारीक रेषा आहेत पण खोल ओरखडा नाही, होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसतात. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून उजेडात धरली, चमचम नाही. मग कॉम्प्युटर लावून ओव्हररेव्हचा रिपोर्ट काढला. हे मला फारच भारी वाटलं, म्हणून लिहिते. गाडी लाल रेषेच्या पुढे गेली की इंजिनाचा कॉम्प्युटर तेवढ्या ठिणग्या मोजून ठेवतो आणि शेवटचं कितव्या तासाला झालं तेही. पहिल्या रेंजला थोडे आकडे असले तर चालतात, दुसरी रेंज म्हणजे पाचव्याऐवजी चुकून खालचा गिअर पडलाय. माझ्या गाडीत दुसऱ्या रेंजला २१२ ठिणग्या, १,६४० व्या तासाला. मी कागदावर मांडलं, सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला तीन ठिणग्या, ८,००० आरपीएमला सेकंदाला ४००. म्हणजे अर्धा सेकंद कुणीतरी चूक केली. गाडीचे एकूण तास ३,८०० आहेत, म्हणजे ती चूक होऊन निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं, काही व्हायचं असतं तर तेव्हाच झालं असतं. आणि मेकॅनिकने एक युक्ती सांगितली, १,३१,००० ला ३,८०० ने भागा, सरासरी ताशी ३४ मैल येते, म्हणजे मीटर मागे फिरवलेला नाही.

वाईट बातम्या: वॉटर पंपातून पाझर, कूलंटची टाकी पिवळी पडून केसाएवढी चीर, मागचे टायर संपलेत, पुढच्या कंट्रोल आर्मची बुशं गेलीत, सायलेन्सरचे बोल्ट गंजून एकजीव झालेत. बॉडीला मात्र गंज नाही, पत्रा सगळा गॅल्व्हनाइज्ड.

ही यादी मालकापुढे ठेवली. तो १५ मिनिटं बायकोशी आत बोलत होता. २०,००० ला तुटलं. गाडी माझ्या ड्राइव्ह-वेमध्ये उभी आहे!

गप्पीमासा | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३४

पेढे??

नेकारतीरी | २० ऑक्टोबर, सकाळी ६:१५

अभिनंदन! ओव्हररेव्हचा हिशेब करून घेणारी ग्राहक मी पहिल्यांदाच बघितली.

हिशेबी | २० ऑक्टोबर, सकाळी ८:००

अभिनंदन ताई. पहिल्या दिवसापासूनचा खर्च लिहून ठेवा, वर्षाने इथे टाका. हा धागा मी बुकमार्क करतोय.

लेथवाली | २७ एप्रिल, दुपारी ३:१०

हिवाळ्यात फार काही झालं नाही. मीठ टाकलेलं असलं की काढायची नाही, पण रस्ता कोरडा असेल त्या रविवारी चाळीस-पन्नास मैल फिरवून आणायची, ऑइल नीट तापेपर्यंत ३,००० च्या वर न्यायची नाही. नुसती चालू करून पाच मिनिटांत बंद करायची नाही, पाण्याची वाफ ऑइलमध्ये राहते.

वॉटर पंप स्वतः केला. इथे धातूच्या पंख्याचा घ्यावा की प्लास्टिकच्या यावर लोकांची डोकी फुटतात. धातूचा पंखा तुटत नाही, पण पंपाचं बेअरिंग सैल झालं तर तो इंजिनाचंच घर खरवडतो. मी प्लास्टिकचाच ओरिजिनल घातला, चार वर्षांनी न विचारता बदलणार. थर्मोस्टॅट कमी तापमानाला उघडणारा लावला. सात बोल्टपैकी एक अर्धा तुटला. डोक्यावर दिवा, पाठीखाली पुठ्ठा, एप्रिलमध्येही फरशी बर्फासारखी, आणि कूलंट बाहीतून काखेपर्यंत. नवरा वरून चहा द्यायला आला आणि म्हणाला "तू खूश दिसतेस", मी त्याला पाना मागितला तर स्क्रू ड्रायव्हर दिला.

पण सांगायचंय ते वेगळंच. सगळ्यांनी सांगितलेलं की पुढचे रेडिएटर साफ करा. या गाडीत रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत, समोर एसीचे कंडेन्सर, आणि त्यात हवेबरोबर पालापाचोळा शिरतो आणि ओला होऊन बसतो. बंपर उतरवला तर आत मूठमूठ काळं खत निघालं, अक्षरशः खत, मेपलच्या पानांच्या शिरा तेवढ्या ओळखू येत होत्या. दोन्ही बाजूंचं मिळून अर्धी बादली. मी म्हटलं वाया कशाला घालवा, घरातल्या तुळशीच्या कुंडीत टाकावं. बाबा फोनवरून ओरडले, "मीठ असेल त्यात, मरेल तुळस." तुळस वाचली.

पर्वतीपायथा | २७ एप्रिल, रात्री ९:३०

ऑइल किती दिवसांनी बदलता? आणि किती लिटर लागतं?

लेथवाली | २८ एप्रिल, सकाळी ६:५०

आठ लिटरच्या वर लागतं, आपल्या मारुतीच्या दुप्पट-अडीचपट. कंपनीच्या पुस्तकातलं अंतर मोठं आहे, ते मी धरत नाही. ५,००० मैल किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. दर वेळी फिल्टर कापून बघते आणि थोडं ऑइल लॅबला पाठवते. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम किती हे ते कागदावर देतात, एका वेळच्या आकड्यात काही नसतं, तीन-चार वेळचे शेजारी ठेवले की कळतं कुठे चाललंय.

लेथवाली | ९ सप्टेंबर, रात्री १०:२०

आज फजिती झाली. हिशेबींनी वाचू नये.

इथल्या मंडळाचा गणपती. विसर्जनाच्या दिवशी मी आरतीचं ताट घेऊन ऐटीत ९११ मधून गेले. आरती, प्रसाद, मग सगळे शाळेच्या पार्किंगमध्ये ढोल-ताशा बघत उभे. मी निघायला म्हणून गाडी चालू केली आणि मागून पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट, म्हणजे किती, तर ढोलवाले थांबले. कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन लावायला निघालेला. एक काकू म्हणाल्या "धूप जरा जास्त झाला वाटतं." मला पहिल्यांदा वाटलं इंजिन गेलं. हात थरथरत होते. बंद केली, टो ट्रक बोलावला आणि ताट मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले.

ऑइलखाऊ | ९ सप्टेंबर, रात्री १०:४१

घाबरू नका. एओएस आहे, एअर-ऑइल सेपरेटर. क्रँककेसमधली वाफ आणि ऑइल वेगळं करणारा डबा, आतला रबरी पडदा म्हातारपणी फाटतो आणि ऑइल सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं. ऑइल फिलरचं झाकण चालू इंजिनावर उघडायला जड जातं का ते बघा, जोरात आत ओढत असेल तर तेच. तशी चालवू मात्र नका, सिलिंडरमध्ये ऑइल साठलं तर खरंच इंजिन जाईल.

लेथवाली | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

तेच निघालं. डबा तसा लहानसा, पण बसवलाय इंजिनाच्या मागे अशा जागी की हात जातो तर डोळा जात नाही. मी दीड दिवस झटले आणि शरण गेले, मेकॅनिकने ११५० घेतले.

हिशेबी | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०६

मी वाचलं. वर्ष होत आलं, आकडे?

लेथवाली | १६ सप्टेंबर, रात्री ९:१५

घ्या. तपासणी ३७५, मागचे दोन टायर ७२०, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टाकी आणि कूलंट मिळून ६४० (मजुरी माझी), दोन वेळचं ऑइल २३०, एओएस ११५०. एकूण ३,११५. कंट्रोल आर्म अजून केलेले नाहीत, खड्ड्यात टकटक वाजतात, ऐकून घेते. रोजच्याला आमची होंडा आहे, ती नसती तर ही घेतलीच नसती, कारण या वर्षात ही गाडी मिळून पाच आठवडे जॅक स्टँडवर, कामासाठी उचलून ठेवलेली होती आणि ऑफिसला तर रोज जायचंय.

हिशेबी | १६ सप्टेंबर, रात्री ९:४०

मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी आहे. क्लच बाकी आहे अजून, तेव्हा बोलू.

नेकारतीरी | २२ मार्च, रात्री ११:१०

सहज आठवण आली म्हणून वर काढतोय. गाडी आहे का अजून? पहिल्या ९९६ ला आता तीस वर्षं होतील, १९९७ च्या गाड्यांना आमच्याकडे जुन्या गाड्यांची एच नंबरप्लेट मिळायला लागेल. काल एका म्हाताऱ्याला त्याच हाफ-फ्राय दिव्यांवर हात फिरवताना पाहिलं, यालाच लोक हसायचे.

लेथवाली | २३ मार्च, सकाळी ७:२०

आहे की! १,३८,००० झाले. जानेवारीत क्लच घसरायला लागला, चढावर आरपीएम वर आणि गाडी तिथेच. मग क्लच, मागचं सील आणि बेअरिंग एकदमच, ४,३०० डॉलर. हिशेबी, आता एकूण ७,४१५.

या वेळी ऑइलच्या दाबावर चालणारं साधं बुश पद्धतीचं घातलं, छर्रे नाहीतच. मेकॅनिककडून जुनं सिरॅमिक बेअरिंग मागून घेतलं आणि फेब्रुवारीत मिरजेला गेले तेव्हा बॅगेतून नेलं. विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने तीन वेळा उलटसुलट करून बघितलं. बाबांनी पहिल्यांदा रॉकेलमध्ये धुतलं, मग बोटावर लावून फिरवलं, कानाशी धरलं. "छर्रे काळे कसे?" सिरॅमिक म्हटल्यावर म्हणाले, "मातीचे छर्रे? आणि चौसष्ट हजार मैल?" मी म्हटलं काढताना पुलरने ओढलंय, आता ते वापरायचं नसतं. ते हो म्हणाले.

संध्याकाळी बघते तर वर्कशॉपमधल्या जुन्या ग्राइंडरची मोटर खोललेली आणि त्यात ते बसवलेलं. माप तेच ना, बासष्ट चार. आता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात की हा ग्राइंडर पोर्शेच्या बेअरिंगवर चालतोय, आवाज ऐका. मी ऐकला. जरासा घरघरतोय.